आंब्याखालचा वाफा

तिनं झाड धरायचं आणि मी काठीला गाठ मारायची, असं आमचं टोमॅटो बांधणं चाललं होतं. ती म्हणाली, "अवो, फास देता का काय झाडाला? सैल बांधा जरा." मी म्हणालो, "आधी तू तोंड बांध." दोघंही हसलो. दुपारी तिला ऊन लागलं. दिवस मावळायच्या आत गेली.

नाशिकला एका वकीलसाहेबांच्या मळ्यात मी माळी होतो. दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. टोमॅटो तेव्हा आपली माणसं फारशी खात नसत. माल कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांच्या मेसला जायचा. रोपं सगुणेनं, माझ्या बायकोनं, वाढवलेली. सुतक दहा दिवसांचं. सुतकात उभ्या पिकाला हात लावायचा नाही, अशी आमच्यात रीत. पण त्या उन्हात दहा दिवस पाणी तोडलं तर मळ्याचं सरपण झालं असतं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि तसाच पाटाचं पाणी वळवायला गेलो.

आठवड्याच्या आत फुलं गळाली. सकाळी वाफ्यात पिवळा सडा. झाडं हिरवीगार, पण फळ एक धरेना.

वकीलसाहेबांनी बांधावरूनच विचारलं, "दगडू, सुतकात वाफ्यात शिरलास?"

"शिरलो. झाडं वाळली असती."

"आता काय राहिलंय? मेसला काय पाठवू, तुझी बोटं?"

मी वाकून गळालेली फुलं गोळा करू लागलो.

"सुतकाचे दिवस झाले की मळ्यातली खोली मोकळी कर," म्हणाले.

खोलीचं वाईट वाटलं, पण ते दुसरं. मलाही वाटत होतं की खरंच माझ्याच हातानं नासलं. तिचं शेवटचं काम, आणि ते मी बुडवलं.

नवव्या दिवशी शेतकी खात्याचे एक इन्स्पेक्टर वकीलसाहेबांकडे चहाला आले. साहेबांनी त्यांना वाफे दाखवले, माझा गुन्हाही सांगितला. इन्स्पेक्टरांनी आपली काळी छत्री उघडून उलटी धरली आणि एक फूल तिच्यावर टिचकीनं झाडलं. काही पडलं नाही. मग हिंडत विहिरीकडं गेले. तिथं आंब्याच्या सावलीत एक लहान वाफा होता. तिकडं आम्ही कोणी बघितलंच नव्हतं. तिथलं फूल झाडलं तर छत्रीवर पिवळी भुकटी. खाली वाटाण्याएवढी फळं धरलेली.

"इथं पाणी कोण देतं?"

"मीच."

"सुतकातच?"

"व्हय."

इन्स्पेक्टर वकीलसाहेबांकडं वळले. "वकीलसाहेब, मग हे सुतक आंब्याखाली का आलं नाही?"

साहेबांनी वाकून पानं बाजूला सारली आणि फळं मोजली.

मग इन्स्पेक्टरांनी समजावलं. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. ती भुकटी म्हणजे पराग. तो आतल्या आत पडतो तेव्हा फळ धरतं. दिवसा आग आणि रात्रीही गारवा नाही, असं चार-सहा दिवस चाललं की पराग मरतो. फूल दिसायला फूल, आतून फोल. झाड ते टाकून देतं. पाणी कितीही द्या.

"गळालं ते गेलं. दुपारची सावली करा, हवेतला उष्मा उतरू द्या. पुढच्या कळ्या धरतील."

साहेब जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "सावलीला बांबूचे तट्टे मागवतो. तू आहेस तिथंच राहा."

मी बांधावर बसलो आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. छातीवरचा धोंडा उतरला होता.

पुढं हवा उतरली. माल उशिरा निघाला, निम्माच, पण निघाला. झाडाला सुतक कळत नाही, ऊन कळतं. माणसानं रागवायच्या आधी सगळे वाफे बघावेत.

तट्टे यायला दोन दिवस होते. म्हणून इन्स्पेक्टर आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची दोन जुनी लुगडी काढली, चार उंच काठ्या रोवल्या, आणि ती वाफ्यावर पसरून बांधली. सैलसर.