मामेसासऱ्यांचे कार्बोरेटर

माझ्या मामेसासऱ्यांइतका सुखी आणि त्याच वेळी इतका असमाधानी माणूस सगळ्या खानदेशात दुसरा सापडणार नाही. जळगावजवळ असोद्याला त्यांची केळीची बाग आहे, विहिरीला पाणी आहे, मुलगी रावेरला चांगल्या घरी पडली आहे आणि मामींच्या हातच्या भरतासाठी माणसं वाट वाकडी करून येतात. तरीही "कसं काय मामा?" असं विचारलं की ते मान हलवून सांगतात, "बाकी बठ्ठं बरं हाये, पन गाडी अजून मनासारखी नही." ही गाडी म्हणजे त्यांनी लग्नाआधी घेतलेली काळी, जडशीळ मोटारसायकल. ती चालत नाही असं मुळीच नाही. ती शेतात जाते, बाजारात जाते, एकदा बैल बुजला तेव्हा त्याच्या मागेही धावली होती. पण तिला एक बारीक खोकला आहे. तो मामांखेरीज आजवर कोणालाही ऐकू आलेला नाही, आणि त्या खोकल्यावरचा इलाज म्हणून मामा अनेक वर्षं तिचा कार्बोरेटर बदलत आले आहेत.

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला भरवणारा मुठीएवढा डबा. मामा त्याला गाडीची सुगरण म्हणतात. मूळची सुगरण झिजून गेली आणि तसली बनवणारे कारखानेही बंद पडले. तेव्हापासून मामांनी भंगारवाल्यांची दुकानं, बंद पडलेली गॅरेजं आणि मयत माणसांच्या अंगणात गंजत पडलेल्या गाड्या धुंडाळून कार्बोरेटरांचा असा काही संसार जमवला आहे की त्यांच्या ओसरीवरच्या फळीवर देवाच्या तसबिरीला जागा राहिलेली नाही. त्यातला एक थंडीत गुणी आणि उन्हाळ्यात उर्मट, दुसरा सपाट रस्त्यावर गातो पण चढ आला की रुसतो, आणि तिसरा म्हणे मुळात चांगल्या घरचा, पण संगतीनं बिघडलेला. आम्ही नातेवाईक त्यांच्याकडे जाताना पेढे नेत नाही, जुना कार्बोरेटर मिळाला तर तो नेतो. मामा तो उजेडाकडे धरतात, आत फुंकर मारतात आणि म्हणतात, "पत्रिका तर जुळते. पाहू, संसार जमते का."

मामींचा सगळा स्वयंपाक या छंदाच्या सावलीत चालतो. लग्नात आलेल्या स्टीलच्या वाट्यांमध्ये कार्बोरेटरात पेट्रोल सोडणारे बारीकसारीक पितळी जेट पेट्रोलमध्ये भिजत असतात आणि जेटचं भोक मोकळं करायला शिवणाच्या सुया लागतात. त्यामुळे मामी पाहुण्यांच्या पानात वाटी मांडायच्या आधी ती नाकाशी नेतात, आणि शंका आली तर परत नेऊन दुसरी आणतात. मामांना यात काही वावगं वाटत नाही. चहा पितानाही ते कप जरा तिरका करून रंग न्याहाळतात, कारण इंजिनाच्या प्लगला नेमका तसा रंग आला म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण जुळलं असं समजायचं. एकदा धुळ्याला आमच्या शेजारच्या बाईंनी दिलेला चहा पिऊन त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "बाई, दूध वाढवा. इंजन काळा धूर मारीन." माणसांचं निदानही ते याच मापानं करतात. सभेत भाषण ठोकणारा पुढारी म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मनात सगळं ठेवून कुढणारा माणूस म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.

आमच्या लग्नात मुहूर्ताची वेळ आली आणि नवरीला मांडवात घेऊन येणारा मामाच सापडेना. शोधाशोध केली तेव्हा ते मांडवामागे फोटोग्राफरच्या मोटारसायकलीपाशी उकिडवे बसलेले आढळले. तिचा आवाज त्यांना रस्त्यावरून येतानाच खटकला होता. भटजींनी मंगलाष्टकं लांबवली, मामा धावत आले आणि त्यांनी भाचीचा दंड धरून तिला माझ्यासमोर उभं केलं. आमच्या लग्नाच्या एकूण एक फोटोंत बायकोच्या शालूच्या पदरावर ग्रीसचा एक काळा पंजा स्पष्ट दिसतो. तिनं तो शालू कधी धुवायला टाकला नाही.

या माणसाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मात्र हसत सांगण्यासारखे नाहीत. काही वर्षांपूर्वी पारोळ्याहून धुळ्याला येताना रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून आमची स्कूटर घसरली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण बायकोचा पाय मोडला. पाय जुळला, ती पूर्वीसारखी चालू लागली, जिनेही चढू लागली. मी मात्र दुरुस्त झालो नाही. स्कूटर विकून टाकली आणि हँडलला हात लावणं सोडलं. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी आहे, तिथं धुळ्याच्या उन्हात पायी जायचो. बाहेर जायचं झालं तर रिक्षा, नाहीतर एसटी. रस्त्यात मागून कोणी हॉर्न दिला तरी तळहात ओले व्हायचे. हळूहळू मी बाहेर पडायचंच टाळू लागलो. सगळ्यांनी समजावून पाहिलं. डॉक्टरांनी समजावलं, मित्रांनी चिडवलं, बायकोनं एकदा विषय काढला आणि माझा चेहरा पाहून सोडून दिला. मामांनी तेवढं कधी काही विचारलं नाही.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "जवाईबापू, कार्बोरेटर बदलू राह्यलो. एक हात कमी पडू राह्यला." पाना धरायला हात हवा असेल, अशा समजुतीनं आम्ही दोघं एसटीनं असोद्याला गेलो. अंगणात गोणपाट अंथरून मामा बसले होते. पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी काढली, बोल्ट सैल केले, जुना कार्बोरेटर उतरवला आणि नवा चढवला. मी सांगतील ते हातात देत होतो. किक मारल्यावर गाडी सुरू झाली, आणि मामांनी हँडल माझ्यापुढे केलं.

"बसा. विहिरीपर्यंत जाऊन या."

"मामा, मी आता चालवत नाही."

"मले आयकायचं हाये," ते शांतपणे म्हणाले. "मी बसलो म्हंजे इंजन बुडाखाली राहते. बुडाखालचं काय आयकू येईन? मी इथं उभा राह्यतो, तुम्ही समोरून न्या."

मी नाही म्हणालो असतो. पण ते तोवर डोळे मिटून, कानामागे तळहात धरून उभे राहिले होते, आणि अशा उभ्या माणसाला ताटकळत ठेवणं मला बरं वाटेना. मी बसलो. केळीच्या बागेच्या कडेकडेनं, चालत्या माणसाच्या वेगानं विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. मामांनी स्क्रू किंचित फिरवला. "वरच्या आवाजाले खोकते. जरा जोरात न्या." मी पुन्हा गेलो. मग देवळापर्यंत, मग गावाच्या थांब्यापर्यंत. दरवेळी मामा डोळे मिटून ऐकायचे, नापसंतीनं मान हलवायचे आणि पुढचं ठिकाण सांगायचे. माझं सगळं लक्ष त्या खोकल्याकडे लागलं होतं. मला तो ऐकू येत नव्हता, पण स्वतःच्या छातीतली धडधडही ऐकू येईनाशी झाली होती.

शेवटी मामा म्हणाले, "मोकळी ठीक हाये. आता वजनावर पाहू." आणि ओसरीकडे वळून त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, "बाई, जरा मांगं बस."

मी मामांकडे पाहिलं. ते खाली वाकून स्क्रूशी काहीतरी करत होते. बायको पायऱ्या उतरून आली, पदर खोचला आणि मागे बसली. तिचा हात माझ्या खांद्यावर आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वाळू आली, पण गाडी सुरू होती आणि एक माणूस डोळे मिटून वाट पाहत होता. मी गिअर टाकला. थांबा आला, मागे पडला. जळगावच्या रस्त्याला केळीचे ट्रक लागले, एक अगदी जवळून गेला. खांद्यावरचा हात होता तिथेच राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अहो, अजून थोडं पुढं जायचं का?" तिच्या आवाजावरून ती रडत होती हे मला कळलं. आम्ही पुढं गेलो.

परतलो तेव्हा मामा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, आमच्याकडे न पाहता नुसता गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "नही जमलं. काढा." आणि संध्याकाळपर्यंत मामांनी आणि मी मिळून तो कार्बोरेटर उतरवून पहिला परत बसवला. बायको म्हणते, मामांनी हे सगळं ठरवून केलं. मामी म्हणतात, "त्यांले गाडीपुढे काही सुचत नही, ठरवतीन काय?" मी मामांना कधी विचारलेलं नाही. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी माझे हात जोडलेलेच राहतील.

आता मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला आहे आणि डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली आहे. मी सवड मिळाली की धुळ्याहून माझ्या नव्या गाडीवर असोद्याला जातो, त्यांच्या गाडीला किक मारतो आणि त्यांना मागे बसवून भादलीच्या रस्त्यानं चक्कर मारून आणतो. कार्बोरेटरबद्दल ते हल्ली फार बोलत नाहीत. पूर्वी ते मागे बसले की गाडी खाली बसायची आणि मला हँडल घट्ट धरावं लागायचं. परवा तर वळण घेताना मागं कुणी आहे असं जाणवेचना. मी वेग कमी करून हाक मारली, "मामा, बसलात ना नीट?"

"हाये ना मी," मागून आवाज आला. "तुम्ही पुढे पाहा."