अंगाबरोबर बेतलेलं खुराडं

मेहुणा कसा आहे असं मास्तरांना कोणी विचारलं, की ते म्हणत, "माणूस चांगला आहे." आणि पुढे एक अक्षर बोलत नसत. त्या गप्प बसण्यात काय काय भरलेलं असायचं, ते फक्त त्यांच्या बायकोला कळायचं.

मास्तर म्हणजे शिंपी. अर्धं आयुष्य त्यांनी बाजारातल्या एका अरुंद दुकानात कपडे बेतले आणि शिवले. तयार कपड्यांची दुकानं वाढली, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. बायको, लेक आणि शिलाई मशीन घेऊन ते वडिलांच्या छोट्याशा शेतावर राहायला आले. शेतात गवत सोडलं तर फारसं काही नव्हतं. गवत आहे ना, मग त्यावर कोंबड्या पाळा, ही कल्पना मेहुण्याची. इथूनच सगळं दुखायला सुरुवात झाली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी तिच्या लेखी तो बाळ्याच. लग्न केलेलं नव्हतं. नदीपलीकडे एकटाच राहून तो बरीच वर्षं कोंबड्या पाळत होता. दर रविवारी मोटरसायकलवर यायचा आणि शिकवायचा. बिनतळाचं, जाळीचं, चाकं लावलेलं खुराडं त्यानेच ठोकून दिलं. रोज सकाळी ते आपल्या लांबीएवढं पुढे ओढायचं, म्हणजे कोंबड्यांना ताजं गवत आणि किडे मिळतात, मागच्या जमिनीला खत मिळतं. एकाने पुढून ओढायचं, दुसऱ्याने मागे चालत खाली बघायचं, एखाद्या कोंबडीचा पाय मागच्या दांडीखाली येऊ नये म्हणून.

"दाजी, हळू," मेहुणा मागून म्हणायचा. "कोंबड्यांना पाय आहेत. कापडाचा तागा नाही ओढायचा."

यावर लेक हसायची. लेकीचं मास्तरांना काही वाटत नसे. पण बायकोही हसायची, आणि मास्तरांच्या दुकानातल्या विनोदांना ती कधी अशी हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग एक शब्द घरात शिरला. मेहुणा कोंबड्यांना कोंबड्या म्हणत नसे, पक्षी म्हणे. "पक्ष्यांना पाणी झालं का?" "पक्षी आज सुस्त दिसतात." महिन्याभरात बायकोही पक्षी म्हणू लागली, लेकही. मास्तर एकटे हट्टाने कोंबड्या म्हणत राहिले. मेहुणा रविवारचा येऊन जाई, त्याचे शब्द मात्र आठवडाभर मुक्कामाला असत.

आणि ते जीभ वाजवणं. मेहुण्याने टाळूला जीभ लावून आवाज केला, की सगळ्या कोंबड्या पंख पसरून त्याच्या बाजूच्या जाळीशी धावत. मास्तरांनी गोठ्यामागे जाऊन तो आवाज घोटला. जाळीपाशी येऊन वाजवून पाहिला. कोंबड्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा माती उकरायला लागल्या. लेक पाण्याची बादली घेऊन मागेच उभी होती.

"बाबा, दातात काही अडकलंय का?"

"हो," मास्तर म्हणाले. "बडीशेप."

एका रविवारी जेवण झाल्यावर मेहुणा हात पुसत म्हणाला, "ताई, मी काय म्हणतो, मी इकडेच येतो राहायला. माझी जागा तशीही भाड्याची आहे. पक्षी वाढवू, त्यांचं सगळं मी बघतो. दाजींना तेवढाच आराम."

बायकोने ताटं उचलता उचलता नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"पुढच्या रविवारी सांगते," ती म्हणाली.

आराम हा शब्द मास्तरांना चावला. मेहुणा आला की आपल्याकडे नळ सोडणं आणि नळ बंद करणं एवढंच उरणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. वडिलांच्या शेतावर ते पाहुणे होणार होते, आणि पाहुण्याला जसं "राहू द्या, तुम्ही बसा" म्हणतात, तसं बायको त्यांना म्हणणार होती. रविवारच्या आत काहीतरी करून दाखवायला हवं होतं. आणि त्यांना करता येण्यासारखं एकच होतं.

खुराड्यावर मेहुण्याने टाकलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडायचा आणि ओढणाऱ्याच्या अंगावर उलटा पडायचा. मास्तरांनी जुन्या तंबूचं जाड कापड मिळवलं. टेप घेऊन खुराड्याची मापं घेतली, एखाद्या नवरदेवाच्या कोटाची घ्यावीत तशी. तीन दिवस मशीन चाललं. शनिवारी सकाळी त्यांनी ते कापड खुराड्यावर चढवलं. वरचं छत आणि चारही बाजू जमिनीपर्यंत, कडेला दुहेरी शिवण. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. बोट घालायला फट सापडली नसती. मास्तर दोन पावलं मागे सरले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं. उद्या बाळ्या बघेल, एवढंच ते मनात म्हणाले.

उन्हं चढली तेव्हा ते घरात दोऱ्याची रिळं आवरत होते. बाहेरून बायकोची हाक आली. हाकेत काहीतरी वेगळं होतं, म्हणून ते धावत गेले.

तिने एक बाजू वर उचलून धरली होती. आतून भट्टीसारखी वाफ आली. कोंबड्यांच्या चोची उघड्या होत्या, पंख अंगापासून लांब धरलेले होते, सगळ्या एका कोपऱ्यात धापा टाकत होत्या.

"कात्री आणा," ती म्हणाली.

"अगं, शिवण उसवतो, कापड फुकट..."

"कात्री आणा म्हणते ना."

त्यांनी आणली, पण हात पुढे होईना. तिनेच कात्री हिसकावून दोन्ही बाजू उभ्या फाडल्या. वारा आत गेला. लेकीने पाणी शिंपडलं. एकेक कोंबडी हळूहळू मान वर करू लागली. एक तांबडी मात्र उठली नाही.

"गिऱ्हाइकाच्या पोरांच्या कपड्यात वाढीसाठी मार्जिन सोडता," बायको खाली बसत म्हणाली, "आणि यांना श्वास घ्यायला जागा नाही ठेवलीत."

मास्तरांनी तांबडीला उचललं आणि कुंपणापाशी खड्डा खणायला घेतला. कोणी मदतीला आलं नाही, ते त्यांना बरं वाटलं.

रविवारी मेहुणा आला. फाडलेलं कापड बघून थांबला. लेकीने सगळं सांगून टाकलं. मास्तर टोमण्याची वाट बघत उभे राहिले.

"पहिल्या वर्षी मी चारही बाजूंनी पत्रा ठोकला होता," मेहुणा म्हणाला. "निम्मे पक्षी एका दुपारी गेले."

"कधी बोलला नाहीस," बायको म्हणाली.

"कोणी विचारलं? दाजी तर मला काहीच विचारत नाहीत."

टोमणा सोसला असता. हा मऊपणा मास्तरांना जड गेला. आणि खरं सांगायचं तर, चुकीतसुद्धा हा आपल्यापेक्षा मोठा निघाला, हेही त्यांना लागलं.

जेवणं झाली. बायकोने भावासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. "बाळ्या, तू राहायला येऊ नकोस. तू आलास की हे मशीनवर जाऊन बसतील आणि बाहेर बघणार नाहीत. मला हे शेत यांच्याबरोबर करायचंय. चुकले तर चुकले."

"बरं," मेहुणा म्हणाला. मग हसून, "आठवड्यातून एकदा गरम जेवायला मिळतं, तेवढं बंद करू नकोस म्हणजे झालं."

मास्तरांची नजर त्याच्या शर्टावर गेली. पांढऱ्या शर्टाला दोन गुंड्या काळ्या दोऱ्याने लावलेल्या होत्या, तिसरीच्या जागी टाचणी. एकट्या माणसाची शिवण. इतक्या रविवारी हा शर्ट समोर बसत होता आणि शिंप्याच्या डोळ्याला तो दिसला नव्हता.

"शर्ट काढ," मास्तर म्हणाले.

"काय?"

"काढ म्हणतो. लाज आणतोस." त्यांनी सुईत पांढरा दोरा ओवला, गुंडी बोटाने दाबून धरली आणि वर न बघता विचारलं, "पावसाळ्यात खुराडं कुठे ओढायचं? खालच्या अंगाला पाणी साचतं."

मेहुणा बनियनवर बसून सांगू लागला. उताराची बाजू, चर कसे काढायचे, कोरडा पाला कुठे ठेवायचा. त्याला थांबवता येत नव्हतं. बायको गालाला हात लावून एकेक शब्द ऐकत होती, अगदी मान हलवत. मास्तरही ऐकत होते. पण तिच्याकडे लक्ष गेलं आणि शेवटची गाठ त्यांनी जरा जास्तच आवळली.