शनिवारी पाचवा नाही

मास्तर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या पायांकडे पाहत. आमची पहिली भेट जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला, विद्यार्थ्यांच्या वोनहाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात झाली. सांगलीहून येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. शेगडीवर दूध ठेवून मी उभी होते. दारात एक उंच, जरासा पोक काढलेला माणूस येऊन थांबला, माझ्या कापडी बुटांकडे निरखून पाहत राहिला आणि म्हणाला, "नीतानं सांगितलं ती मुक्ता तूच ना? या बुटांवर तू फेब्रुवारी काढायची नाहीस." मग डोळे वर करून म्हणाला, "शनिवारी काय करतेस? आम्हाला पाचवा नाहीये."

नाव विद्याधर ढवळे. जळगावच्या एका तंत्रनिकेतनात आठ वर्षं धातुशास्त्र शिकवून, रजा घेऊन पीएचडी करायला आलेले. वय छत्तीस. आम्ही सगळे बावीस-तेवीसचे, त्यामुळे ते आपोआप 'मास्तर' झाले. पत्नी वसुधावहिनी आणि मुलगी रेणू जळगावात. ते निघाले तेव्हा रेणू सहा महिन्यांची होती, आता ती फोनवर त्यांना "तुम्ही कोण बोलताय?" असं विचारी, आणि हे ते आम्हाला हसत हसत सांगत.

त्या काळी, म्हणजे दोन हजार चार-पाचच्या सुमारास, शनिवार-रविवारसाठी एक तिकीट मिळे. त्यावर पाच जणांनी दिवसभर देशात कुठेही हिंडावं, फक्त जलद गाडीत पाय ठेवायचा नाही. मास्तरांचा या तिकिटावर फार जीव. ते एका प्लास्टिकच्या फोल्डरात घालून छातीशी धरत. वसतिगृहातलेच नीता, प्रसाद, केतन आणि ते स्वतः असे चार ठरलेले. पाचव्या जागेसाठी मास्तर आठवडाभर माणूस शोधत. "पाचाचं तिकीट चौघांनी वापरायचं म्हणजे ताटात टाकून उठण्यासारखं आहे," असं ते म्हणत. हा पाचवा बहुतेक वेळा कुणीतरी नवा, एकटा, खोलीबाहेर न पडणारा असे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मास्तरांची पाठपिशवी हे एक प्रकरण होतं. तिच्यात गाड्यांची वेळापत्रकं, चहाचा थर्मास, ओल्या बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं आणि भरीत भरलेले ब्रेडचे तुकडे. वांगं ओव्हनमध्ये भाजायचे आणि दर वेळी कुरकुरायचे, "इथल्या वांग्यात नुसतं पाणी. आमच्याकडचं वांगं कसं, भाजलं की घर जागं होतं!" आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पिशवीत, लोकरी मोज्यांचा एक जास्तीचा जोड. हे मोजे वसुधावहिनींनी विणलेले. जळगावच्या उन्हाळ्यात, पंखा फुल्ल करून, मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या वहिनी मला नेहमी डोळ्यांपुढे येत. शेजारणी म्हणे विचारत, "डोकं ठिकाणावर आहे ना?"

हिंडण्यात शिस्त होती असं मात्र कुणी समजू नये. गाड्यांची वेळ मिनिटागणिक पाठ असलेले मास्तर, जिथे जायचं ते उघडं आहे की नाही, हे कधीच बघत नसत. तीन तास बसून आम्ही एका किल्ल्याशी गेलो तर दाराला कुलूप, पाटीवर 'एप्रिलपर्यंत बंद'. प्रसाद चिडला. मास्तर म्हणाले, "आल्झो," म्हणजे, तर मग, "बंद किल्ला बाहेरून जास्त बघून होतो." आणि खरंच आम्ही त्या किल्ल्याला गुडघाभर बर्फातून पूर्ण वळसा घातला. मागच्या उतारावर पाच-सात जर्मन पोरं घसरगाडीवरून घसरत होती. मास्तरांनी भाजीची पिशवी अंथरली, तिच्यावर फतकल मारली आणि "बाजूला व्हा रे!" असं मराठीत ओरडत खाली गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मा मात्र अर्धा तास सापडला नाही.

मी त्या दिवशी हसले होते, पण परत आल्यावर खोलीचं दार लावून रडले. वर्गातलं जर्मन माझ्या डोक्यावरून जात होतं. चार वाजता अंधार पडे. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणताना माझाच मला राग येई. जानेवारीत मी कुणाला न सांगता एका ट्रॅव्हलवाल्या बाईंकडे गेले आणि परतीच्या विमानाची तारीख अलीकडे आणली. येणारा गुरुवार. अभ्यासक्रम सोडायचा, सांगलीला जायचं, काय बोलणी खायची ती खायची.

त्याआधीच्या शनिवारी मी केवळ नाही म्हणवेना म्हणून गेले. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून मुद्दाम शेवटच्या डब्यात चढले. ती गाडी वाटेत एका स्टेशनवर दोन तुकडे होऊन जाई. पुढचा तुकडा डोंगरात, मागचा भलत्याच दरीत. मास्तर हे सगळ्यांना दहा वेळा बजावत. त्या स्टेशनवर त्यांनी फोल्डर नीताच्या हातात दिलं आणि फलाटावरून धावत मला न्यायला मागच्या डब्यात आले. "चल चल, पुढे चल," म्हणत ते आत शिरले आणि थबकले. मी खिडकीला डोकं टेकून रडत होते. ते समोर बसले.

थोड्या वेळानं गाडी हलली. मास्तरांनी बाहेर पाहिलं, नदी चुकीच्या बाजूला होती. नीता, प्रसाद, केतन आणि आमचं तिकीट डोंगराकडे निघून गेलं होतं. मास्तर ताडकन उठले. "मुक्ता, आपण बिनतिकीट आहोत!" आयुष्यात पहिल्यांदा कॉपी करताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. तपासनीस यायच्या आत, पहिलं जे स्टेशन आलं तिथे ते मला घेऊन उतरले.

स्टेशन कसलं, एक बाक आणि वर पत्र्याचं छप्पर. नीताला एसएमएस केला; ती मंडळी तिकीट घेऊन मागे येईपर्यंत दीड तास होता. बर्फ सरळ रेघेत पडत होतं. मास्तरांनी माझे बूट काढायला लावले, त्यांत वर्तमानपत्र कोंबलं आणि तळाची पिशवी काढून मोजे पुढे केले. ते मला इतके मोठे होते की टाचेची जागा घोट्याच्या वर आली. त्या उबेनं माझा बांध फुटला आणि मी सगळं सांगून टाकलं. गुरुवारसुद्धा.

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. आईबाप, जिद्द, भविष्य. मास्तर चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "गुरुवारी जाणार? म्हणजे पुढच्या शनिवारी तू नाहीस?"

"नाही."

"मग पाचवा मी कुठून आणू? एका आठवड्यात कोण मिळणार? तारीख एक आठवडा पुढे नाही का ढकलता येणार?"

"मास्तर, मी इथून कायमची चालले आहे, आणि तुम्हाला पाचव्याची पडलीय?"

"जा की. कुणी अडवलंय? मी तर रोज निघतो गं, पण संध्याकाळपर्यंत काही ना काही काम निघतं आणि राहून जातं." ते रुळांकडे पाहत होते. "रेणू चालायला लागली, ते मला पत्रातून कळलं. त्या दिवशी तर बॅगसुद्धा भरली होती."

मग त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. दीड तासानं उलट दिशेच्या गाडीतून नीता फोल्डर हलवत उतरली. परतीच्या प्रवासात ते फोल्डर माझ्या मांडीवर होतं. तिकिटावर छापलं होतं, 'जास्तीत जास्त पाच व्यक्ती'. चौघं चालत होते, तिघं चालत होते, दोघंही चालत होते. तेवढं जर्मन मला येत होतं. मास्तरांनी ते वाचलं नसेल हे शक्यच नव्हतं. मी फोल्डर तसंच मिटून त्यांच्या हाती दिलं.

सोमवारी जाऊन मी तारीख एक आठवडा पुढे ढकलली. पुढच्या शनिवारी आम्ही एका गोठलेल्या तळ्यावर गेलो, आणि परतताना मास्तर चिंतेच्या सुरात म्हणाले, "अगं, पुढच्या शनिवारचंही काही जमत नाहीये बघ." मी पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला ट्रॅव्हलवाल्या बाई मला पाहूनच हसल्या आणि विचारलं, "नॉख आइनमाल?" म्हणजे, आणखी एकदा? मी मान हलवली. मधल्या आठवड्यांत मास्तर त्यांची जर्मन टिपणं घेऊन स्वयंपाकघरात बसत आणि मला वाक्य न् वाक्य उलगडून देत. जमलं की टेबलावर थाप मारत, "गेनाऊ! बरोब्बर! आता कसं!" मार्चमध्ये परीक्षा झाली, मी पास झाले. त्यानंतर तारीख बदलायला मी गेले नाही, आणि विमान कधी गेलं ते माझ्या लक्षातही राहिलं नाही.

दोन हिवाळ्यांनंतर मास्तरांचा प्रबंध पुरा झाला. रजा संपत आली होती. निघायचा दिवस गुरुवारच होता. आम्ही चौघं स्टेशनवर गेलो. इतक्या वर्षांत मास्तर पहिल्यांदाच जलद गाडीत बसणार होते आणि त्याचाच त्यांना संकोच वाटत होता. "उगाच घाई. साधी गाडीसुद्धा फ्रँकफुर्टला जाते," असं ते दोनदा म्हणाले. गाडी आली. सामान चढवलं. मला वाटलं होतं, आपण रडायचं नाही, काहीतरी गमतीचं बोलायचं. मी दाराशी जाऊन म्हणाले, "मास्तर, शनिवारी पाचवा नाहीये."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्या पायांकडे पाहिलं. मी चांगले जाड बूट घातले होते. मग पाठपिशवीच्या तळातून मोज्यांचा तो जोड काढून त्यांनी माझ्या हातात दिला, आणि दार मिटलं.

चौघांना ते तिकीट चालतं, कशाचंच अडत नाही. त्या शनिवारी आम्ही कुठेही गेलो नाही.