सात विकेटवाले इब्राहिमभाई

आधी चहा घ्या, मग सांगतो. कारण हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचा चहा घ्याल, पण माझ्या हातचं लिहिलेलं काही खरं मानणार नाही.

मला लिहून ठेवायची सवय. रोजची डायरी वेगळी, क्रिकेटची वही वेगळी. मैदानावरच्या चुरगळलेल्या कागदांवरून सगळं घरी पक्क्या वहीत उतरवायचं, पट्टीने समास आखून. दुबईत आल्यापासून आमच्या टीमची एकही मॅच वहीतून सुटलेली नाही. आमची वनिता म्हणते, "ह्यांना लग्नाची तारीख विचारा, डायरी आणायला उठतील." खरं आहे. वही असताना डोक्यावर विश्वास कशाला ठेवायचा?

तर मंदी आली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीची आमची टीम. शुक्रवारची सकाळ, टेनिस बॉल, वाळूचं मैदान, मधे मॅटिंग. मंदीच्या आधी काय थाट होता म्हणून सांगू! स्पॉन्सर होता, जर्सी होती, मॅचनंतर बिर्याणी होती. मग एकेकाची नोकरी जायला लागली. मॅच संपल्यावर कुणी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात धरून ठेवला की आम्ही समजायचो, ह्याचा व्हिसा कॅन्सल झाला. असं करत पंधरातले नऊ उरले.

लीगची अट कडक. सकाळी सातला अकरा माणसं लेबर कार्डाच्या झेरॉक्ससकट हजर पाहिजेत. दोनदा भरली नाहीत की टीमचं नाव खलास, मैदान दुसऱ्याला. एकदा आमची भरली नव्हती.

आमचा कॅप्टन दीपक, बत्तीस वर्षांचा. त्याचीही नोकरी नुकतीच गेली होती. तो घरी येऊन बसला. "काका, हे पण गेलं तर शुक्रवारी काय करायचं मी? आठवडाभर सीव्हीच पाठवतो हो."

"दोन माणसं हवीत ना? आणतो."

"कुठून? तरुण कोणी राहिलंय का इथे?"

"तरुण कशाला? जुने बघू. अनुभवी, आणि स्वस्तात."

स्वस्तात म्हणजे किती? गाडीतून नेणं-आणणं, एक टोपी आणि वनिताचे पोहे.

रात्री जेवण झाल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. आणि एकाच पानावर दोन्ही माणसं सापडली. आठ वर्षांपूर्वीची मॅच, तेव्हाच्या आमच्या कंपनीची, रास अल खोरच्या एका स्पेअर पार्टवाल्या कंपनीशी. त्यांच्याकडून इब्राहिम मुकादम: पाच षटकं, एकोणीस धावा, सात विकेट. आमच्याकडून सबनीस: एकेचाळीस.

सबनीस म्हणजे मी. आयुष्यातला माझा सर्वोच्च स्कोअर. एरवी मी स्कोअररच, पण त्या एकेचाळीसमधला मिडविकेटचा चौकार मी लेकीला इतक्यांदा सांगितला होता की ती म्हणायची, "बाबा, प्लीज, नॉट द मिडविकेट अगेन."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन रास अल खोर गाठलं. इब्राहिमभाई तिथेच होते. रत्नागिरीचे, पंचावन्नच्या पुढचे, स्टोअरकीपर. गोदाम गच्च भरलेलं आणि गिऱ्हाईक एक नाही. गॅस्केटच्या खोक्यावर बसून चहा पीत होते. दुसरा पेला त्यांनी न विचारता भरला.

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "सात विकेट. आठवतं?"

"आठवतं. पण साहेब, ते काय झालेलं..."

"विनय नको हो. मी पण त्याच मॅचमध्ये होतो. हे बघा, सबनीस, एकेचाळीस."

त्यांनी मला पायापासून वर बघितलं आणि डोक्यापाशी जरा थांबले. "तुम्ही सबनीस? एकेचाळीसवाले?"

"मीच."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "असं सांगा की मग. म्हणजे तुम्हाला सगळं माहीतच आहे."

"वहीतच आहे सगळं."

"वहीत पण लिहिलंय?" ते हसले. "कमाल आहे तुमची. बरं, नाव द्यायचं ना? कार्डाची झेरॉक्स आणतो."

"झेरॉक्स तर पाहिजेच. आणि वयाची काळजी करू नका. तीन षटकांत मोकळं करतो तुम्हाला."

"मला काय, मी बसलेलाच असतो," इब्राहिमभाई म्हणाले.

मी घरी येताना गाडीत शीळ वाजवत होतो. सात विकेट आणि एकेचाळीस धावा, पोह्यांवर!

शुक्रवारी पावणेसातला इब्राहिमभाई हजर. इस्त्रीची पॅन्ट, चामड्याचे बूट, एका हातात झेरॉक्स, दुसऱ्या हातात पाच लिटरचा चहाचा थर्मास. झेरॉक्स दीपकला दिली आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "बॉलर कुठाय?"

मी खो खो हसलो. "बघ दीपक, अनुभवी माणूस असा असतो. मॅचच्या आधी जोक." आणि नवा बॉल त्यांच्या हातात ठेवला.

"मीच टाकू?"

"मग काय मी टाकू?"

माणूस सज्जन. एवढ्या सगळ्यांसमोर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. थर्मास खाली ठेवला, बिस्मिल्ला म्हणाले आणि धावत आले. पहिला बॉल स्क्वेअर लेगच्या अंपायरच्या पोटात. दुसरा कीपरच्या डोक्यावरून. तिसऱ्याला बूट घसरला, बॉल हातातच राहिला आणि इब्राहिमभाई मात्र बॅट्समनच्या दिशेने निम्म्यापर्यंत गेले. समोरची टीम ओरडायला लागली, "यल्ला चाचा, यल्ला!" ती ओव्हर चौदा बॉलची झाली.

दीपक माझ्याकडे आला. "काका, हे नक्की कोण आहेत?"

"वॉर्म अप होतायत," मी म्हणालो.

पुढची ओव्हर त्यांना दिली नाही. समोरच्या टीमचा डाव संपल्यावर मी इब्राहिमभाईंना बाजूला घेतलं, म्हणजे बाजूला घ्यायला गेलो, पण सगळी टीम मागून आली. "काय हो हे?"

"मी कधी बॉल टाकलाय साहेब?" ते शांतपणे कपात चहा ओतत म्हणाले. "त्या मॅचला बाहेरची माणसं चालत नव्हती. मॅनेजरचा मेहुणा व्हिजिट व्हिसावर आलेला, केरळचा, हात असा फिरायचा त्याचा! तो माझ्या कार्डावर खेळला. मी चहा देत होतो. आज पण तसंच काही असेल म्हणून नाव द्यायला आलो."

आता मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण वहीत खोटं शिरलं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर भाषण दिलं. दुसऱ्याच्या नावावर खेळणं म्हणजे काय, रेकॉर्डचं पावित्र्य म्हणजे काय, आम्ही एकेक रन घाम गाळून कशी काढली.

इब्राहिमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझा कप माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाले, "पण सबनीससाहेब, तुमच्या त्या एकेचाळीसच्या वेळी तुम्हाला निळी पगडी होती. आणि ही एवढी दाढी. सरदारजी फार सुंदर खेळले हो. मिडविकेटला काय चौकार मारला!"

टीम वाळूत लोळायची बाकी होती. मी म्हणालो, शक्यच नाही, पक्क्या वहीत आहे, माझ्या अक्षरात आहे.

तेवढ्यात आमची बॅटिंग आली. तिसऱ्या नंबरवर मी. पहिल्याच बॉलला मिडविकेटला मारायला गेलो आणि मागे वळून बघतो तर स्टंप पडलेला.

मॅच आम्ही हरलो, सपशेल. पण सात वाजता अकरा माणसं उभी होती. टीमचं नाव राहिलं, मैदान राहिलं, दीपकचा शुक्रवार राहिला.

परत सोडताना गाडीत मी इब्राहिमभाईंची माफी मागितली. विचारलं, हातात बॉल दिल्यावर तरी सरळ 'नाही' का म्हणाला नाहीत?

"काय आहे साहेब, हल्ली गोदामात जो येतो तो माल परत करायला येतो, नाहीतर निरोप घ्यायला. वर्षभरात मला मागायला आलेले तुम्ही एकटे. त्याला नाही कसं म्हणायचं?"

गाडी चालवत होतो म्हणून बरं, समोरच बघावं लागतं.

पुढे दीपकला नोकरी लागली, तरी तो शुक्रवार सोडत नव्हता. आणि इब्राहिमभाई निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत आमच्याबरोबर राहिले. परत एक बॉल टाकला नाही. पहाटे पाचला सगळ्यांना फोन करून उठवायचे, "उठलास का रे?" म्हणून. त्यांच्या काळात आमची माणसं कधी कमी भरली नाहीत. इतक्या स्वस्तात इतका चांगला माणूस कुठल्याही टीमला मिळाला नसेल.

हां, पगडीचं राहिलं. त्या दिवशी घरी आलो आणि सरळ आठ वर्षांपूर्वीची डायरी काढली, क्रिकेटची नव्हे, रोजची. तोच शुक्रवार. माझंच अक्षर: "अल ऐनला साडूच्या मुलीचं बारसं. मॅचला जाता आलं नाही. स्कोअरचे कागद उद्या ऑफिसात मिळतील."

कागदावर होतं ते नाव मी तसंच वहीत उतरवलं, आणि आठ वर्षांत ते एकेचाळीस इतक्या वेळा वाचले होते की ते माझेच झाले होते.

लेक माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "बाबा, दॅट्स आयडेंटिटी थेफ्ट."

मी पट्टी घेतली, जुन्या पानावर दोन्ही नावांपुढे खरी नोंद केली आणि नवीन पान काढलं. वनिता पोह्यांचा रिकामा डबा घासत होती. तिथूनच तिने विचारलं, "आज किती काढल्या?"

"शून्य."

"नक्की तुम्हीच होतात ना?"

"हो," मी म्हणालो, "ह्या खेपेला मीच."