वायर धरून उभा राहिलेला माणूस

हसनाबादच्या आमच्या घरी तो एकदाच आला. माझ्या लेकीचा ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेतला शेवटचा डाव सुरू व्हायचा होता आणि वायफाय सकाळपासून ये-जा करत होतं. इंटरनेट कंपनीकडे तक्रार केल्यावर भोकरदनहून मोटारसायकलवर आलेला तो दणकट माणूस वायर चाचपत थेट खिडकीपाशी गेला. तिथे वायर दाबली गेली होती. त्याने ती बोटांत सरळ धरली, तसा राउटरचा लाल दिवा हिरवा झाला.

"वायर बदलायला नेट बंद करावं लागतं," तो म्हणाला. तेवढ्यात डाव सुरू झाला.

"मंग ऱ्हाऊ द्या. खेळ बेटा, मी धरून राह्यलो."

हात अवघडला की तो खांदा भिंतीला टेकवायचा, पण बोटं हलू द्यायचा नाही. खेळ कळत नसला तरी मला कुजबुजत विचारायचा, "कोन जितून राह्यलंय?" त्याच्याकडे बघून लेक घाई करायला लागली, तेव्हा म्हणाला, "माझ्या हाताकडं बघू नको. बराबर इचार कर, मंगच खेळ."

तिने खरंच वेळ घेतला. मग वजीर पुढे सरकवून ओरडली, "मात!"

त्याने दोन्ही हात वर करून उडीच मारली. वायर सुटली, दिवा लाल झाला. निकाल आधीच पडद्यावर आला होता, म्हणून आम्ही तिघंही हसत सुटलो.

त्या आनंदात त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. लेक मात्र अजूनही मोहऱ्याकडे गेलेला हात मागे घेते आणि पुन्हा विचार करते.