जेलरबाईंना हवा असलेला नकार

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांच्या तक्रारी सांगत बसतात; जेलरबाईंनी गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. लेकीने डोक्याला हात लावला. जन्मभर कैदी बायका सांभाळल्यास ना, आता त्यांच्यावर परीक्षाही देणार का, म्हणाली. बाई कुणाचं ऐकतील तर शपथ! पहिल्या बाकावर बसून पोराटोरांशी कायद्यावर कडाकडा भांडायच्या आणि खुशीत घरी यायच्या.

प्रबंधाला विषय घेतला, शिक्षा भोगणाऱ्या बायकांना न्याय म्हणजे काय वाटतं. परवानगी मिळाली तीही त्यांच्याच जुन्या तुरुंगाची. घरचंच काम की! मुलाखतीआधी फक्त एक वाक्य वाचायचं होतं: तुम्ही नाही म्हणू शकता, त्याने तुमचं काही बिघडणार नाही. पण बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरची म्हणायची, "हो बाई." झाडून सगळ्या तशाच.

मार्गदर्शक मॅडम लेकीच्या वयाच्या. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि सगळ्या मुलाखतींवर पाणी सोडायला सांगितलं. हा होकार नाही, त्या तुमचा हुकूम पाळताहेत, म्हणाल्या. तुम्हाला नाही म्हणायची एकीचीही छाती होत नसेल, तर विषय बदला आणि वर्ष गेलं समजा. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. या वयात वर्ष जाणं म्हणजे काय, हे त्या पोरीला काय कळणार! पण मनातून त्यांना ते पटलं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

शेवटचा प्रयत्न म्हणून बाई पुन्हा तुरुंगात गेल्या. पहिली आली ती शिवणकामावरची जुनी कैदीण. बाईंनी आवाज मऊ करून परोपरीने समजावलं, अगं, मनात नसेल तर खुशाल नाही म्हण. ती गोंधळली. "हो बाई. तुम्ही सांगता तर नाही म्हणते."

आता काय कपाळ फोडून घ्यायचं! बाईंना हसूच फुटलं. त्यांना हसताना त्या कैदिणीने कधी पाहिलं नव्हतं. ती टक लावून बघत राहिली.

"मला नाही सांगायचं," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"बरं."

"एवढंच?"

"एवढंच. जा तू."

एकेक अट्टल कैदीण बाईंनी पाहिली होती, पण असं धाडस नव्हतं पाहिलं. एवढ्याशा शब्दासाठी तिने जीव मुठीत धरला होता.

दाराबाहेर कुजबुज झाली. पुढची आली, नाही म्हणाली, बाईंच्या तोंडाकडे बघून हळूच हसली आणि गेली. तिच्यामागची तर दोनदा म्हणाली. बाई प्रत्येकीला बरं म्हणत होत्या आणि थक्क होऊन बघत होत्या. हातात एकही मुलाखत नव्हती, वर्ष डोळ्यांदेखत चाललं होतं, तरी त्यांना उठवेना.

शेवटची मात्र नाहीही म्हणेना नि होही. माझं बोलणं कोण वाचणार, नाव येणार का, मधेच थांबले तर चालेल का, असं तिने खोदून खोदून विचारलं. बाईंनी सगळी उत्तरं दिली.

"थोडं सांगते. सगळं नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्यापासूनच सुरू करते, बाई. चालेल?"

बाई सावरून बसल्या. चालेल, म्हणाल्या, आणि त्यांनी रेकॉर्डर सुरू केला.