समजत नाही, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय – तेही नीटसं कळत नाही.

पोलीस अॅक्शन होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या कॉलेजात हमीदसर फ्रेंच शिकवायचे. हा वर्ग निघाला होता निजामाच्या अंमलदारांच्या मुलांसाठी. सिल्लोडकडचा मी शेतकऱ्याचा पोर त्यात कसा शिरलो, देव जाणे. पुस्तकं मिळायची नाहीत, म्हणून सरांनी हातानं एक वही केली होती – एका बाजूला फ्रेंच, दुसरीकडं उर्दूत अर्थ. ती त्यांनी मला देऊन टाकली. घरी बोलावून, शेजारी जेवायला बसवून शिकवलं.

मग कॉलेजातलंही उर्दूचं राज्य गेलं. कोणता वर्ग ठेवायचा, कोणता मोडायचा, हे ठरवायला बाहेरून साहेब आले. सर तिथंच उभे होते. साहेबांनी मला विचारलं, हे उर्दूतून शिकवतात ते तुला समजतं का? वर्गात हिंदू मी एकटाच. माझ्या होकारावर सरांची नोकरी टिकणार होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिलीपासून मी उर्दूतच शिकलेलो. पाढेसुद्धा उर्दूत म्हणायचो. आणि मी म्हणालो – समजत नाही.

भीती होती का? कुणाची? मला तर कुणी बोटही लावलं नव्हतं. आपण त्यांच्यातले दिसू नये, एवढंच मनात होतं. नीचपणा होता तो. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

काही वर्षांनी फ्रेंचचा वर्ग पुन्हा सुरू झाला – शिकवायला मी. वही तीच. मराठीत उतरवून वर माझं नाव घातलं. कुठं शिकलात, असं विचारलं की पुणं सांगायचो.

एकदा दोन विद्यार्थ्यांना घेऊन गुलमंडीत कापड घ्यायला गेलो. दुकानात गज हातात घेऊन हमीदसर उभे. मला पाहून ते इतके खूश झाले – फ्रेंचमध्येच म्हणाले, कसा आहेस? विद्यार्थी चमकून माझ्याकडं बघायला लागले.

"काय म्हणता? समजलं नाही," मी म्हणालो. मराठीत.



"हां बेटा, तुमकू समजता नै. मैं भूल गया था," सर म्हणाले, आणि कापड मोजायला लागले.